वच्छलाबाईची खुनाची पुस्तकं

बांधाच्या भांडणात रामकिसनचा खून झाला आणि पंचाहत्तर साली आरोपी कोर्टातून सुटले. शेजारच्या रानातला कारभारी नावाचा शेतकरी हा एकच साक्षीदार. तो ऐन वेळी म्हणाला, आपण काही पाहिलं नाही. रामकिसनची बायको वच्छलाबाई गाव सोडून औरंगाबादेला आली आणि औरंगपुऱ्यात मुलींच्या एका शाळेत शिपाई म्हणून लागली.

जवळच्या वाचनालयातून ती आधी संसाराच्या कादंबऱ्या न्यायची. शेवटी सगळं गोड झालं की तिचं डोकं फिरायचं. मग एक खुनाची कादंबरी हाती लागली. फौजदार विकलेला, वकील विकलेला, खुनी मोकळा. तपास करणाराही शेवटी सिगरेट विझवून चालता होतो. वाचून तिला बरं वाटलं. कुणीतरी खरं बोललं होतं. मग ती तसलीच पुस्तकं नेऊ लागली. असलं कशाला वाचता, असं शाळेतल्या एका बाईंनी विचारलं, तर म्हणाली, यात निदान फसवत नाहीत.

सहा वर्षांनी, मधल्या सुट्टीत, कारभारी शाळेच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. वाळून काडी झालेला. काही सांगायचंय म्हणाला. माणसाची जात काय असते, ते वच्छलाबाईला आता पाठ होतं. तिनं फाटक लावून घेतलं.

त्या आठवड्यात तिनं तीन पुस्तकं उघडली. एकही पुरं होईना. प्रत्येकात सुरुवातीलाच माणूस मरून पडायचा आणि पुढं त्याच्याकडं कुणी ढुंकून बघायचं नाही. पडल्यावर तो किती वेळ जिवंत होता, काय बोलला, हे कुणीच लिहिलं नव्हतं. रविवारी तिनं गावची एसटी धरली.

कारभारी ओसरीत पडून होता. साक्षीच्या आधी आरोपींनी आपल्या लेकीचं नाव घेऊन दम दिला होता, असं त्यानं सांगितलं. तिनं त्याबद्दल काही विचारलं नाही.

"ते गेल्यावर म्या दादाला पाणी पाजलं, वयनी," तो म्हणाला. "माझ्याच मांडीवर गेला. वच्छीला सांग म्हणला, तांबडी गाय इकू नको."

गाय तिनं तेराव्यालाच विकली होती.

तिनं त्याला माफ केलं नाही, शिव्याही दिल्या नाहीत. परतताना एसटीच्या थांब्यावर मारेकऱ्यांतले दोघं चहा पीत बसलेले दिसले. पुस्तकांनी तेवढं खरं सांगितलं होतं. वच्छलाबाई खिडकीशी बसली आणि निकालानंतर पहिल्यांदाच, भरल्या गाडीत, रडली.