अक्काच्या मापाची बाग

दाजींचा फोन आला तेव्हा मी रोपवाटिकेत उभा होतो. आदल्या संध्याकाळी अक्कानं नेच्याची रोपं मागितली होती, तीच निवडत होतो. "सुभाष," दाजी म्हणाले, "रोपं नगं आणूस आता..." माझी थोरली बहीण झोपेतच गेली होती. मी रोपं घेतलीच. रिकाम्या हातानं तिच्या दारात जायची सवयच नव्हती मला.

अक्काचं घर पेठ वडगावला. पुढे दाजींचं कापडाचं दुकान, मागे मोकळी जागा आणि तिथे आपापली वाढलेली करंज, बहावा, कुंभा अशी जुनी झाडं. दाजींनी दुकान बंद केलं त्या वर्षी अक्कानं मागे बाग करायचं मनावर घेतलं. गुलाब, हिरवळ, रंगवलेल्या कुंड्या असलं तिला काही नको होतं. झाडांच्या सावलीत आपोआप उगवल्यासारखं दिसेल, असं रान हवं होतं. मी शिरोलीच्या फौंड्रीत जन्म घालवलेला माणूस, ड्रॉइंगशिवाय खिळासुद्धा ठोकत नाही. दोरी, खुंट्या आणि टेप घेऊन हजर झालो आणि झकास रांगा आखल्या. अक्का म्हणाली, "रानात रांग कुठं बघितलीस रे?" माझी दोरी तिनं कपडे वाळत घालायला बांधली. ओच्यात भुईचाफ्याचे नि रानहळदीचे कंद घेतले आणि कोंबड्यांना दाणे टाकावेत तसे उधळले. पडतील तिथे लावायचे, असा हुकूम निघाला. खाली पडलेला पाला झाडायलाही बंदी होती.

नकाशा नको तर नको, पण माप तरी हवं, असा मी हट्ट धरला. "माप मी हाय की," अक्का म्हणाली. ती बुटकी होती आणि दाजी चांगले ताडमाड. लग्नात हार घालायला तिला पाटावर उभं करावं लागलं होतं. तो किस्सा दाजी आल्यागेल्याला ऐकवायचे. त्याचा वचपा तिनं बागेत काढला. अडुळसा किती वाढू द्यायचा, शतावरी कुठे चढवायची, सगळं तिच्या डोळ्यांच्या उंचीच्या बेतानं ठरायचं. वाटेवर करंजाची एक फांदी आडवी आली होती. अक्का तिच्याखालून ताठ मानेनं जायची आणि आम्ही बाकीचे कपाळ चोळत. छाटू या म्हटलं की तिचं उत्तर ठरलेलं, "वाका की जरा."

दाजी काही वाकले नाहीत. मागच्या ओट्यावर खुर्ची टाकून ते पेपर वाचत आणि कुरकुरत. त्यांचं दुखणं फांदीचं नव्हतंच. एकदा मला म्हणाले, "दुकान होतं तवा मला सवड न्हवती. आता हाय, तर ही दिवसभर त्या झाडीत. तितनं मी दिसतो तरी का हिला?" बोलणं थट्टेचं होतं, चेहरा नव्हता... मी अक्काला सांगितलं, तर ती नुसती हसली.

ती गेल्यावर भेटायला आलेले पाहुणे बाग बघायला जायचे आणि टेंगूळ घेऊन परतायचे. सगळं गाव आपल्या फांदीपुढे वाकतंय हे बघून अक्का खूश झाली असती. पाहुणे पांगल्यावर दाजी म्हणाले, ती फांदी काढून टाक, आता कुणासाठी ठेवायची? मला नाही म्हणवेना. करवत घेऊन गेलो. कुठून कापावी ते खालून बघायला म्हणून वाकलो, डोळे अक्काच्या उंचीला आले आणि हात थांबला. उभ्यानं जिथे नुसता पाला दिसायचा, तिथे खालून आरपार मोकळं होतं. अडुळशाच्या वर आणि करंजाच्या खाली खिडकीएवढी फट, तिच्या टोकाला ओटा, ओट्यावर दाजींची खुर्ची. थोडं पुढे जाऊन वाकलो, तिथूनही खुर्ची. बहाव्याच्या बुंध्यापाशी वाकलो, तरी खुर्चीच. कंद तिनं उधळून लावले होते, पण ही फट तिनं राखली होती. अक्का गेल्यापासून मला धड रडू आलं नव्हतं, ते तिथे आलं.

मी दाजींना हाक मारली. ते कुरकुरत आले आणि पहिल्यांदाच त्या फांदीखाली वाकले. फटीतून त्यांनी ओट्यावरची आपली खुर्ची बघितली.

"म्हंजे... दिसत होतो की मी," ते म्हणाले.

फांदी जागेवर आहे. नेचे तिच्याखालीच लावले, अर्थात वेडेवाकडे. मी सवयीनं अजून कपाळ आपटून घेतो. हल्ली सकाळी गेलो तर पेपर ओट्यावर तसाच पडलेला असतो आणि दाजी झाडीत असतात, फांदीखाली वाकलेले. खुर्ची मात्र ते कुणाला जागची हलवू देत नाहीत.