साबण लावलेलं कोकरू

लग्न होऊन साक्रीकडच्या या गावात आले तेव्हा माझ्या बॅगेत चंदनाच्या साबणाच्या बारा वड्या होत्या. वरणगावहून निघताना मी त्या स्वतः भरल्या होत्या. वडिलांची हयात कारखान्याच्या नोकरीत गेली, त्यामुळे आमच्या घरात मेंढ्या उरल्या होत्या त्या फक्त आजोबांच्या गप्पांत. आणि मला दिलं ते नेमकं मेंढ्यांच्या घरात. मुलगा चांगला आहे, असं सगळे म्हणाले. मुलगा चांगलाच होता. त्याच्या अंगाला येणाऱ्या वासाबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नव्हता.

घरात माणसं तीनच. नवरा, मी आणि सासूबाई. सासूबाईंना सगळं गाव अक्का म्हणतं, मीही अक्काच म्हणते. घरामागे काट्यांचं कुंपण घातलेला मेंढ्यांचा वाडा, त्यात तीसेक मेंढ्या. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी अक्कांनी खुंटीवरचं आपलं जुनं लुगडं काढून माझ्या हातात दिलं.

"वाड्यामा जावानं व्हई तवय हाई नेस," म्हणाल्या.

मला राग आला. अजून हातावरची मेंदी गेली नाही आणि या मला आपलं उतरलेलं नेसायला देतात! शिवाय त्या लुगड्याला मेंढ्यांचा, धुराचा, घामाचा असा काही वास येत होता की मी ते दोन बोटांत धरून न्हाणीत नेलं. साबण लावून दोनदा धुतलं, वाळवलं, घडी करून ट्रंकेत तळाशी ठेवून दिलं. वाड्यात मी माझ्याच साड्या नेसून जायचे. मी आत पाऊल टाकलं की बसलेल्या मेंढ्या उठायच्या आणि कुंपणाला जाऊन चिकटायच्या. मूर्ख जात, असं मी नवऱ्याला सांगत असे. तो हसायचा. लुगडं कुठे गेलं, हे अक्कांनी कधी विचारलं नाही.

उन्हाळ्यात आमच्याकडे दिवस उन्हाच्या कलाने चालतो. नवरा पहाटे कळप घेऊन निघतो आणि अकराच्या आत परत येतो. मग दुपारभर मेंढ्या निंबाखाली, एकमेकींच्या पोटाखाली डोकी घालून उभ्या. चारनंतर पुन्हा रानात. अगदी लहान कोकरांना एवढं चालवत नाही, ती घरी टोपलीखाली झाकून राहतात. अक्का बाभळीच्या शेंगा झोडून आणतात, मी हौदात पाणी भरते, शेण-लेंड्या गोळा करते आणि, त्या वर्षी तरी, दिवसातून पाच वेळा हात धुवत असे.

वैशाखात एक मेंढी व्याली. कोकरू चार दिवसांचं झालं तेव्हाची गोष्ट. सकाळी कळप रानात गेलेला, अक्का शेंगांना गेलेल्या. टोपली उचलून बघते तर कोकराच्या शेपटीखाली पिवळा चिकटा वाळून बसलेला आणि त्यावर माशा घोंगावताहेत. मला त्याची दया आली. खोटं कशाला बोलू, किळसही आली. मी कोमट पाणी काढलं, चंदनाची नवी वडी फोडली आणि त्याला कानापासून शेपटीपर्यंत चोळून आंघोळ घातली. जुन्या पातळाने पुसून सावलीत बसवलं. असं पांढरंशुभ्र झालं म्हणून सांगू! आज अक्का मला काहीतरी चांगलं बोलतील, अशा आशेने मी अकरा वाजण्याची वाट बघत बसले.

कळप आला. कोकरू ओरडत आईकडे धावलं. मेंढीने नेहमीसारखं त्याच्या शेपटीखाली हुंगलं, दोन पावलं मागे सरली आणि डोक्याने त्याला धडक दिली. ते कोलमडलं, उठलं, पुन्हा आचळाकडे गेलं. तिने पुन्हा उडवलं. मग ती इकडेतिकडे हिंडत आपल्या कोकराला हाका मारू लागली. ते तिच्या पायाशीच उभं होतं.

शेंगा घेऊन परतलेल्या अक्कांनी डोक्यावरचा भारा खाली टाकला. कोकरू उचललं, हुंगलं आणि माझ्याकडे बघितलं.

"साबन लाया का तू याले?"

मी मानेनेच हो म्हटलं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

"मेंढी पिलूले डोयाघाई नही वयखत, नाकघाई वयखस," अक्का म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. डोळ्यांनी नाही, नाकाने ओळखते, आणि सकाळी मी नेमका तो वासच धुऊन काढला होता.

नवरा म्हणाला, "अक्का, बाटलीघाई पाजूत."

"कितला दिन पाजशी? तुले चारावाले जानं शे."

चार दिवसांचं पिल्लू, वैशाखाचं ऊन आणि आई जवळ घेत नाही. पुढचं कुणी बोलून दाखवलं नाही, पण मला कळलं होतं. हे कोकरू मेलं तर ते माझ्या हातून मेलं असं होणार होतं.

अक्कांनी मेंढीला निंबाला आखूड दोरीने बांधलं. तिचं दूध काढून कोकराच्या पाठीवर, शेपटीखाली चोळलं. ती बसायची तिथली ओली माती आणि लेंड्याही फासल्या. सकाळी मी घासून घासून काढलेलं सगळं त्या पुन्हा त्याच्या अंगाला लावत होत्या, आणि मी बाजूला उभी राहून बघत होते. मग त्यांनी मला कामाला लावलं. दिवसातून चार वेळा मी मेंढीचा मागचा पाय धरायचा आणि कोकराला आचळाला लावायचं.

"आनी आते साबनले हात लावानं नही," त्यांनी बजावलं.

पहिल्या दिवशी मेंढीने माझ्या गुडघ्यावर दोन लाथा दिल्या. त्या मला मिळायलाच हव्या होत्या. दुसऱ्या दिवशी कोकरू पीत होतं, पण पाय सोडला की ती पुन्हा धडक द्यायची. तिसऱ्या दिवशी ते ओरडेनासं झालं. कान गार, मान खाली. मी ते मांडीवर घेऊन बसले आणि भाकरी खायची राहून गेली. माझ्या हातांना, केसांना, साडीला वाड्याचा वास येत होता, आणि त्या वासाकडे माझं लक्षही नव्हतं. मी देवाला नवस बोलले. मेंढीलाही हात जोडले.

चौथ्या दिवशी सकाळी अक्का शेजारच्या मळ्यातला काळा कुत्रा दोरीला धरून घेऊन आल्या. आमचा कुत्रा मेंढ्यांच्या ओळखीचा, त्याला त्या जुमानत नाहीत. हा परका. अक्कांनी कोकरू मेंढीच्या पुढ्यात ठेवलं आणि कुत्र्याला तिच्यापासून दोन हातांच्या अंतरावर आणून उभं केलं.

मेंढी ताठली. कुत्रा गुरगुरला. कोकरू घाबरून ओरडलं, आणि त्याचा तो आवाज मी एका दिवसानंतर ऐकला. मेंढीने पुढचा पाय जमिनीवर आपटला. मग एक पाऊल पुढे आली, आणखी एक, आणि कोकराच्या पुढे आडवी उभी राहिली. पुन्हा पाय आपटला.

अक्कांनी कुत्रा मागे ओढला. मेंढीने मान वळवली, कोकराच्या शेपटीखाली बराच वेळ हुंगलं, आणि घशातल्या घशात घुरघुरली. तसा आवाज मेंढी फक्त आपल्या पिल्लासाठी काढते. मी पाय धरला नव्हता. कोकरू आचळाला लागलं आणि त्याची शेपटी हलायला लागली.

"देख, वयखं तिनी," अक्का म्हणाल्या.

मी रडले. चांगली हुंदके देऊन रडले, नवऱ्यासमोर, त्या काळ्या कुत्र्यासमोर. अक्कांनी रडू दिलं. मग म्हणाल्या, "जाय, आते अंग धू."

मी न्हाणीपर्यंत गेले आणि परत फिरले. मनात साचलेलं बाहेर पडलंच. "अक्का, नाकाने ओळखतात हे मला आधीच का नाही सांगितलं?"

अक्का कुत्र्याची दोरी सोडत होत्या. त्यांनी वरही बघितलं नाही.

"सांगं व्हतं नी. लुगडं दिन्हं व्हतं."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. परक्या वासाला मेंढ्या बिचकतात, म्हणून नव्या सुनेला वाड्यात जाताना सासूचं लुगडं नेसवतात. त्यांनी मला आपला वास दिला होता, आणि मी तो साबणाने दोनदा धुऊन ट्रंकेत ठेवला होता. मला इतकी लाज वाटली की ट्रंक उघडायचाही धीर झाला नाही.

आंघोळ करून आले तर माझ्या खुंटीवर अक्कांचं दुसरं लुगडं होतं, चार दिवस वाड्यात वापरलेलं. मी ते नेसले आणि पाण्याची बादली घेऊन वाड्यात गेले. मेंढ्या बसल्या होत्या. एकीने मान वर करून हुंगलं आणि परत रवंथ करू लागली. एकही उठली नाही. आपण आल्यावर कुणी उठलं नाही, याचा एवढा आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता.