ताईचे नॉर्मल रिपोर्ट

तमाम नाशिककरांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते, की वैद्यकशास्त्रातला सर्वांत घातक शब्द कॅन्सर नाही, अटॅकही नाही. तो शब्द आहे 'नॉर्मल'. कृपया बसून घ्यावे.

या शब्दाचं कुळ सुताराच्या पेटीतलं. लॅटिनमध्ये 'नोर्मा' म्हणजे गुण्या, काटकोन बरोबर आहे का ते पाहायचं हत्यार. गुण्याला बसलं ते नॉर्मल. पुढे डॉक्टरांनी तो गुण्या लाकडावरून उचलला आणि माणसाला लावला. आपल्याकडे तर बाळ जन्मलं की लोक नावाच्याही आधी विचारतात, "नॉर्मल की सिझर?" रिपोर्टमध्ये बिचारा लॅबवाला एवढंच सांगत असतो, की हा आकडा बहुतेकांच्या आकड्यांत बसतो. 'तुम्हाला काही झालेलं नाही' असं त्यात कुठेच लिहिलेलं नसतं. तो अर्थ घरी आल्यावर लागतो.

माझ्या थोरल्या बहिणीच्या घरी तो दाजींनी लावला.

ताईची पाठ दुखायची. आडवं झालं की जास्तच, म्हणून ती खुर्चीत बसून झोपायची. रक्त तपासलं, एक्स-रे काढला. दाजींचं आयुष्य एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात मीटर बघण्यात गेलेलं. काटा हिरव्या पट्ट्यात आहे म्हणजे यंत्र ठणठणीत, हा त्यांचा धर्म. रिपोर्ट हातात पडताच त्यांनी पेढे आणले आणि अख्ख्या बिल्डिंगला वाटले. माझ्याही तोंडात एक कोंबला.

"घ्या मेहुणे! तुमच्या बहिणीचं सगळं नॉर्मल. उगाच घाबरवलं आम्हाला."

"अहो, पण दुखतंय ना मला," ताई खुर्चीतून म्हणाली.

"कुठं दुखतंय? यात दाखव बरं." त्यांनी कागद तिच्या नाकापुढे धरला.

समोरच्या काकू पेढा चघळत म्हणाल्या, "मनाला लावून घेऊ नका हो. आमच्या जाऊबाईंचं असंच होतं. सून आली आणि थांबलं!"

त्या दिवसापासून ताईच्या दुखण्याला घरात 'नाटक' हे नाव पडलं. पोळ्या लाटताना ती ओट्याला टेकली, की दाजी टीव्हीवरची नजर न काढता विचारायचे, "आज कितवा अंक?" मी नाटकवेडा माणूस, चांगल्या वाक्याला भर थिएटरात दाद देतो. या वाक्याला मात्र भरल्या ताटावरून उठलो. दाजी जिन्यापर्यंत मागे आले आणि म्हणाले, "तुम्हीच तिला चढवता, मेहुणे."

मग ताईने सांगणंच सोडलं. फोनवर मी कशी आहेस विचारलं, की पलीकडून एकच शब्द यायचा. "नॉर्मल."

एके सकाळी ती भाजी आणायला खाली उतरली. उजव्या पायातली चप्पल जिन्यातच राहिली आणि तिला कळलंच नाही. एका पायाने अनवाणी ती रस्त्यापर्यंत गेली. भाजीवालीने, "बाई, चप्पल कुठंय तुमची?" असं विचारलं, तेव्हा कुठे तिने खाली पाहिलं. हे ऐकल्यावर मी कुणालाही न विचारता तिला एमआरआयला नेलं. दाजीही आले. हाही रिपोर्ट हिरव्या पट्ट्यातच येणार, याची त्यांना पक्की खात्री होती.

डॉक्टरांनी फिल्म दिव्यावर लावली. मणक्यात गाठ होती, नसा दाबून बसलेली. बरेच महिने वाढत असणार, म्हणाले. ऑपरेशन करू, पण पायातली ताकद परत येईलच असं नाही. हे सांगताना त्यांनी आवाज अगदी खाली आणला आणि पाण्याचा ग्लास ताईपुढे सरकवला.

ताईकडे पाहायचा मला धीर होत नव्हता. पाहिलं, तर तिचा चेहरा उजळला होता. किती तरी महिन्यांनी ती हसत होती. तिने दाजींचा दंड धरून गदागदा हलवला आणि बाहेर बसलेल्या पेशंटनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"ऐकलंत ना? आहे मला! खरंच आहे!"