आक्काचा घेवडा

घेवड्याच्या शिरा काढताना बोटांना तो हिरवा, उग्र वास लागला, आणि मी पाचवीत असतानाचं कासार आंबोलीचं आमचं परसदार आठवलं. नवऱ्यानं माहेरी धाडलेल्या माझ्या थोरल्या बहिणीनं, आक्कानं, तिथं कारवीच्या काठ्यांवर घेवडा चढवला होता. "शेंगा लागायच्या आत मला न्यायला येत्याल," ती म्हणायची. त्यानं दुसरं लग्न केल्याचं वडलांना पौडच्या बाजारात कळलं. "तिला ह्यातलं काय बोलू नगंस," आईनं मला बजावलं. मी रोज आक्काला सुतळी द्यायचे. एकदा वेलाचं कोवळं टोक बांधताना तीच म्हणाली, "मला ठावं हाय गं. पर म्हणून येल जमिनीवर कुजू द्यायचा व्हय?" मी सुतळीचा पुढचा तुकडा तोडून तिच्या हातात दिला.