सिद्धोधनची एकसारखी नाडी

सेलूच्या एका जिनिंगात सिद्धोधन फिटर होता आणि तो कुणाच्या बापाचं ऐकत नसे. बेअरिंगचा आवाज कानाला खटकला, की ऐन हंगामात, कापसाच्या गाड्या रांगेत उभ्या असताना, मालक ओरडत असला तरी तो मशीन बंद करून मोकळा व्हायचा. एक नियम मात्र त्यानं वीस वर्षांत मोडला नव्हता. फाटकाच्या आत काडी पेटवायची नाही, कारण रुईला एक ठिणगी पुरते. मग चहा-जेवणाची सुट्टी झाली की बाहेर महारुद्र हमालासोबत तो एकीवर एक तीन सिगारेटी ओढायचा. मधल्या चार तासांच्या उपासानं छाती आपोआप धुऊन निघते, असं वर ठासून सांगायचा.

यंदा दिवाळीनंतर हे अंगाशी आलं. जेवणाच्या सुट्टीवरून परतून तो मशीनजवळ वाकला, छातीत फडफडलं आणि डोळ्यांपुढं अंधारी आली. त्याचा हात फिरत्या पट्ट्यापासून वीतभर लांब राहिला.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको सुकेशनी त्याला परभणीला घेऊन गेली. डॉक्टरबाईंनी रक्त तपासायला घेतलं, छातीला तारा चिकटवून दिवसभरासाठी ठोके नोंदवणारं यंत्र बांधलं आणि सांगितलं, की रोजचं वागणं बदलू नका, सिगारेट ओढली तर वेळ लिहा. इतका सोपा हुकूम त्याला जन्मात मिळाला नव्हता.

दोन दिवसांनी दोघं परत गेल्यावर बाईंनी कागद पुढं पसरले. दर सुट्टीनंतर नाडी धावली होती, मधूनच एखादा ठोका वेळेआधी पडला होता. रक्तातही सुजेची खूण होती. धुरानं रक्तवाहिन्या आतून सुजतात आणि ठोके सांभाळणाऱ्या नसांचा तोल जातो, असं त्यांनी समजावलं.

"आणि एरवी तुमची नाडी फारच एकसारखी चालते," त्या म्हणाल्या. "ते मला आवडलं नाही."

इथं सिद्धोधन भडकला. "बाई, मी मशिनीवाला माणूस हाय. एकसारखं चालतंय त्याला बिघाड म्हणायलाव का तुमी?"

बाईंनी सुकेशनीकडं बोट केलं. "यांची नाडी धरा. आणि ताई, तुम्ही सावकाश खोल श्वास घ्या."

त्यानं सुकेशनीचं मनगट धरलं. श्वास आत जाताना ठोके भराभर पडले, सोडताना संथ झाले. दुसऱ्या श्वासालाही तेच. तो जिंकल्यासारखा हसला.

"हिचीच बिघडलीय. हिला बांधा यंत्र."

"ती नाडी निरोगी आहे. चांगलं हृदय श्वासाबरोबर कमीजास्त होतं. तुमचं ते विसरायला लागलंय."

त्यानं स्वतःचं मनगट धरून खोल श्वास घेतला. ठोके टकटक तसेच पडत राहिले. आता तो खरंच घाबरला, आणि घाबरल्याचा राग येऊन एसटी स्टँडवर पोचताच त्यानं सिगारेटचं पाकीट काढलं.

"ओढा की," सुकेशनी म्हणाली. "पर उद्यापासून मशिनीला हात लावायचा न्हाई. थोटा नवरा मला नगं."

पाकीट तसंच खिशात गेलं. सकाळी त्यानं स्वतःच मालकाला सांगितलं, की डॉक्टरबाई हो म्हणेपर्यंत चालू मशीन दुसरा कुणी बघेल, मी सामानाच्या खोलीत बसतो. सिगारेटीविना पुढचे आठ दिवस वाईट गेले. डोकं ठणकायचं, घरात तो सगळ्यांवर खेकसायचा. तरी सुट्टीत तो मुद्दाम फाटकाबाहेर जाऊन महारुद्राशेजारी रिकाम्या हातानं उभा राहायचा.

नवव्या दिवशी महारुद्रानं पाकीट पुढं केलं. "बायकोनं पार येसण घातली म्हण की तुला. ओढ एक, एकानं काय मरतूस?"

सिद्धोधननं पाकीट बोटानं मागं सारलं.

"मालकाचं ऐकलं न्हाई, बायकोचं बी ऐकत न्हाई, जा इचार तिला. पर ही बोटभर कांडी वीस वर्सं मला फाटकाबाहेर बोलवायली, अन् मी मुकाट उठून यायलो. गड्या, जिंदगीत मी हिचं एकटीचंच ऐकलं. आता हिचं बी ऐकणार न्हाई."