समोरच्या फ्लॅटमधल्या राजाला वन्स मोअर

नॉटिंगहॅमच्या आमच्या म्हाताऱ्यांच्या इमारतीत समोरच्या फ्लॅटमध्ये एक फ्रेंच नट राहतात. नट आणि दिग्दर्शक, हे ते स्वतःच सांगतात, कारण इथे दुसरं कोणी सांगत नाही. तरुणपणी पॅरिसात ते राजे व्हायचे. मग गुडघे गेले, तेव्हा दुसऱ्यांना राजे व्हायला शिकवू लागले. एका इंग्रज बाईसाठी इकडे आले. ती वारली, हे राहिले. मी चौथी शिकलेली, पण रोज चहाला त्यांच्या तोंडून तोच धडा असल्यावर कोणीही पास होईल.

गेल्या हिवाळ्यात धडा चुकायला लागला. बायकोचं नाव आठवेना. किटली फ्रिजमध्ये सापडली. फ्रान्सहून त्यांची मुलगी त्यांना बघायला येणार होती. एकटं राहणं जमत नसेल तर तिकडच्या केअर होममध्ये, असं तिने फोनवर स्वच्छ सांगितलं होतं.

"तिला राजाचं भाषण करून दाखवतो, मादाम. डोकं शाबूत आहे हे कळेल."

"त्यापेक्षा किटली जागेवर ठेवून दाखवा."

ऐकतंय कोण. खालच्या लाउंजमध्ये खुर्च्या मांडल्या. बाकीचे म्हातारे आले, बिस्किटांसाठी. मुलगी पुढे बसली, पर्स मांडीवर घट्ट धरून. महाराज खांद्यावर टेबलक्लॉथ टाकून उभे राहिले. फ्रेंच मला ओ की ठो कळत नाही, पण सुरुवात दणक्यात झाली. आणि मध्येच थांबले. तोंड उघडं, शब्द नाही, नजर भिरभिरलेली. मुलीने मान खाली घातली.

लहानपणी सांगलीत वडील मला संगीत नाटकाला न्यायचे. पद आवडलं की लोक ओरडायचे आणि नट बिचारा ते पहिल्यापासून गायचा. मी टाळ्या वाजवल्या आणि मोठ्याने म्हटलं, "वन्स मोअर."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. या देशात खोकायचं झालं तरी आधी सॉरी म्हणतात. पण महाराजांनी मान लववली आणि पहिल्या शब्दापासून पुन्हा सुरू केलं. त्या जागेवरून या खेपेला न अडखळता पुढे गेले, थेट शेवटापर्यंत.

मुलगी रडली. उन्हाळ्यात परत येऊन बघते, तोवर राहू दे इथेच, म्हणाली.

संध्याकाळी महाराज माझ्या दारात. मला वाटलं, आभार मानायला आले.

"मादाम, तो पॉज होता. तुम्ही माझा पॉज मोडलात."

"बरं," मी म्हटलं. "उन्हाळ्यात जरा छोटा घ्या."