मुखपृष्ठावरची सहा नावं

परवा किन्हवलीच्या पोस्टात माझ्या नावाने एका विज्ञान मासिकाचा अंक आला. घरी जाईपर्यंत धीर निघेना... रस्त्यातच पाकीट फोडलं.

मागच्या वर्षी मी आपल्या भागातल्या चढणीच्या, म्हणजे पहिल्या पावसात ओढ्याने वर चढणाऱ्या माशांवर एक पुस्तिका काढली. माहिती सगळी शेजारच्या वाडीतल्या पाच बायकांची, जन्मभर ओढ्यात मासे धरणाऱ्या. मी लिहून घेतलं, फोटो काढले आणि मुरबाडला छापून आणलं.

आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट मी, त्यामुळे उत्साह दांडगा! "तुमची नावं मासिकात छापून आणते," असं त्यांना सांगून बसले.

या मासिकाच्या 'नवी प्रकाशने' सदरात नोंद घ्यावी म्हणून संपादकबाईंना पत्र लिहिलं, सोबत दोन प्रती. उत्तर नाही. दुसरं पत्र... तरी नाही. तिसऱ्याला ईमेल आला की चार ओळी छापू. मी घरभर नाचले! मग खालचा मजकूर वाचला. लेखिका म्हणून नाव एकटीचं, माझं.

लगेच कळवलं, हवं तर माझं काढा, पण त्या पाचजणींची घाला. संपादकबाईंचं उत्तर दोन ओळींचं. "मुखपृष्ठावर असतात तीच नावं आम्ही देतो. यांची नावं तुम्हीच मागच्या पानावर आभारात का टाकलीत?"

कान गरम झाले. पुस्तकावर नाव शिकलेल्या माणसाचंच असतं, असं मी न विचारताच धरून चालले होते...

शहापूरहून स्टिकर छापून आणले. सहा नावं, अकारविल्हे. वाडीत बसून उरलेल्या सगळ्या प्रतींवर ते चिकटवले. त्या पाचजणींतली भागीकाकी माझ्याकडे बघून म्हणाली, "हिला मासा धराय येत नाय नि स्टिकर पन वाकडाच लावते!" बाकीच्या हसून लोळायच्या बाकी.

नवी प्रत पाठवली. अंक छापायला गेला असेल तर, ही धाकधूक होतीच.

परवा तो अंक तसाच वाडीत नेला आणि मोठ्याने वाचला. सहाही नावं होती! भागीकाकीचं पहिलं, माझं शेवटचं.

"माजं पयलं? नि तुजं शेवटाला?" काकीने विचारलं. "मंग एवडी कालेजात जाऊन काय केलंस गो?"

मला हसू आवरेना... तिने चारही ओळी आणखी दोनदा वाचायला लावल्या.

त्या संपादकबाईंना मी कधी पाहिलेलं नाही, पण त्यांची ऋणी आहे. त्यांनी तसं विचारलं नसतं, तर मी आभार मानून मोकळी झाले असते.